स्क्रिव्हन हाऊसचा मागचा जिना

ब्रॉड स्ट्रीटवरून खाली नदीकडे उतरताना डाव्या हाताला जे सगळ्यात रुबाबदार घर दिसतं, ते स्क्रिव्हन हाऊस. लाल विटा, कोपऱ्यांना पांढरा दगड, दाराच्या दोन्ही अंगांना खांब आणि वर खिडक्यांच्या अशा सरळ रांगा, की जणू कुणी दोरी लावून आखल्यात. उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या आमच्या लडलो गावाला येणारे प्रवासी समोरच्या फुटपाथवर उभे राहून त्याचे फोटो काढतात. काढोत बिचारे. त्यांना त्या घरात नोकरी करायची नसते. मी केली.

हे घर म्हणजे एक थाप आहे. जोसाया स्क्रिव्हन नावाच्या बियर गाळणाऱ्या माणसानं जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी ती मारली आणि गाव अजून तिला भुलतंय. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विटांची नवी घरं बांधली, तेव्हा जोसायालाही तसं घर हवंसं वाटलं. पण आपलं जुनं लाकडी, वाकडंतिकडं घर पाडायचं त्याच्या जिवावर आलं. मग त्यानं जुन्या घराच्या तोंडावर विटांची एक भिंत उभी केली आणि मागे सगळं होतं तसंच ठेवलं. बाहेरच्या खिडक्या आणि आतल्या जमिनी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्या मजल्यावर खिडकी पावलांशी सुरू होते आणि कमरेशी संपते. बाहेर बघायचं तर उकिडवं बसावं लागतं. दोन खिडक्या तर खिडक्याच नाहीत. विटांवर काळा रंग फासून वर पांढऱ्या पट्ट्या ओढल्यात. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते अशा घरांकडे बघूनच म्हणत असावेत.

असं घर ऑब्री विदरिजला आवडलं नसतं तरच नवल.

आमची वकिलांची फर्म त्याच्या वडिलांची. थोरले विदरिज होते तोवर ती चपलांच्या दुकानाच्या वर, कमी उंचीच्या पण उबदार खोल्यांमध्ये चालायची. चामड्याचा वास यायचा, अशील धापा टाकत वर यायचे, मृत्युपत्रं व्हायची, घरांचे व्यवहार व्हायचे. थोरले गेले, ऑब्री गादीवर बसला आणि वर्षभरात आम्ही सगळे बाडबिस्तरा घेऊन स्क्रिव्हन हाऊसमध्ये. "अशिलानं आत पाऊल टाकताच त्याला कळलं पाहिजे की आपण कुठे आलोय," असं ऑब्री म्हणायचा. आपण कोण आहोत हे त्याचं त्यालाच नीट कळलं नव्हतं, त्यामुळे त्याला असल्या भिंतींची गरज पडत होती, असं माझं मत. पण मी पगारी वकील. मत घरी ठेवून यायचं.

पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना ऑब्रीनं स्वतःला घेतला. रस्त्याकडच्या तीन उंच खिडक्या, संगमरवरी शेकोटी, छतभर चुन्याची नक्षी. एवढ्या मोठ्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक ऑब्री. बाकीच्या घराची मात्र खांडोळी झाली होती. शेजारच्या खोलीत मधोमध पुठ्ठ्यासारखं पार्टिशन घालून तिच्या दोन खोल्या केलेल्या. अलीकडे मी, पलीकडे झेरॉक्सचं मशीन. छतावर एक गुबगुबीत देवदूत होता, त्याचे पाय माझ्याकडे आणि डोकं मशीनकडे. जुन्या लाकूडकामावरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमधून वायरी गेलेल्या. छताच्या नक्षीतल्या एका गुलाबाच्या बरोबर मध्यात धुराची सूचना देणारी पांढरी डबी, पुटकुळीसारखी. सरकत्या खिडक्या इतक्यांदा रंगवलेल्या, की सरकायच्याच बंद झालेल्या. तरी त्यांच्यातून वारा यायचा तो यायचाच. आणि घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, म्हणून लिफ्ट लावायची सोय नाही.

वर अगदी माळ्यावर, जिथे पूर्वी मोलकरणी झोपायच्या, तिथे बेरिलला बसवलं.

बेरिल होजेस थोरल्या विदरिजांच्या वेळेपासून फर्ममध्ये होती. मृत्युपत्रांचं काम तीच बघायची. सही कुणाचीही असो, गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं की आपलं मृत्युपत्र बेरिलनं केलंय. बाई काही गोड नव्हती. चहात साखर जास्त पडली तर परत पाठवायची, नव्या मुलींना रडवायची, आणि कुणाचं लग्न मोडलं की "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारायला पहिली हजर. पण नवरा गेलेल्या बाईला समोर बसवून, हातात कप देऊन, "हं, आता सांग," असं ती ज्या आवाजात म्हणायची, तो आवाज फर्ममध्ये दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. ऑब्रीला तिनं अर्ध्या चड्डीत बघितलं होतं. शाळा सुटली की तो वडिलांच्या ऑफिसात यायचा आणि तिच्या खणातली बिस्किटं खायचा. त्यामुळे ती त्याला अरे-तुरेच करायची, आणि तिचं हेच त्याला सलायचं.

नव्या जागेत पहिली मीटिंग दिवाणखान्यात झाली. ऑब्री शेकोटीला टेकून उभा होता. शेकोटी बंद होती, पण टेकायला तिचा उपयोग होता.

"पुढचा जिना अशिलांसाठी," तो म्हणाला. "आणि भागीदारांसाठी. बाकी सगळ्यांनी मागचा वापरायचा. या घराची एक रीत आहे. ती आपण पाळली पाहिजे."

"कुणाच्या घराची रे?" बेरिलनं विचारलं.

"बेरिलबाई, निदान मीटिंगमध्ये तरी अहो-जाहो करू या आपण."

"बरं. कुणाच्या घराची हो?"

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. जमीनजुमल्याचे व्यवहार बघणारा नेव्हिल मात्र लगेच म्हणाला, "रीत चांगलीच आहे. हॉलमधला गालिचाही टिकेल." नेव्हिल हा असाच. साहेबाला शिंक आली तर हा नाक पुसणार.

पुढचा जिना खरोखर देखणा होता, हे कबूल करायला हवं. दगडी पायऱ्या भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या, खाली कसला आधार दिसत नाही. वळण घेत सावकाश वर जातात आणि हाताखाली महोगनीचा कठडा मांजराच्या पाठीसारखा गुळगुळीत. मागचा जिना तळघरातल्या स्वयंपाकघरातून थेट माळ्यापर्यंत जायचा. मोलकरीण रात्रीची शौचाची भांडी घेऊन उतरताना मालकाच्या नजरेला पडू नये म्हणून तो भिंतींच्या मध्ये कोंबलेला. अरुंद, अंधारा, वळणावरच्या पायऱ्या एका टोकाला पाऊलही मावणार नाही इतक्या निमुळत्या. धरायला कठडा नाही, एक दोर लोंबतो. वर एक तुळई अशी आडवी, की साध्या उंचीच्या माणसानंही मान वाकवली पाहिजे.

बेरिलचा डावा गुडघा गेलेला होता. ती दिवसातून कितीदा तरी वरखाली करायची, कारण अशील तळमजल्यावर बसायचे आणि ती माळ्यावर. तक्रार केली नाही. "माझ्या आजीनं असल्याच जिन्यावरून कोळसा वाहिला," एवढंच एकदा म्हणाली. "तिला निदान माहीत होतं की ती मोलकरीण आहे."

मग एका सकाळी मला मागच्या जिन्यात कप फुटल्याचा आवाज आला. मी गेले तर बेरिल वळणावर बसलेली. मोजा फाटलेला, चहा स्कर्टवर सांडलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की माझ्याकडे बघितलंस तर याद राख.

"लागलं का?"

"नाही."

"उठता येतंय?"

"येईल. घाई कसली आहे? बस की जरा, पोरी."

मी एक पायरी खाली बसले. अंधारात आम्ही दोघी तशाच बसलो. तिनं माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. ती म्हणाली, "थोरले असते ना, तर त्यांनी या पोराला कानाला धरून या जिन्यावरून पळवला असता." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "मला भीती वाटायला लागलीय, टॅम्सिन. सकाळी उठले की आधी हा जिना आठवतो."

बेरिलला भीती वाटते हे ऐकून मलाच कसंतरी झालं. मी तशीच ऑब्रीकडे गेले.

तो खिडकीशी उभा राहून रस्त्यावरचे लोक वर बघतात का ते बघत होता.

"बेरिल पडली जिन्यात," मी म्हटलं.

"अरेरे. मोडलं-बिडलं नाही ना काही?"

"नाही. पण तिला पुढच्या जिन्यानं जाऊ द्या. नाहीतर खाली जागा द्या. खाली पुढची खोली रिकामीच असते."

"ती अशिलांची बसायची खोली आहे."

"अशील हॉलमध्येच बसतात."

"कारण ती खोली मला बघण्यासाठी ठेवायचीय, टॅम्सिन. वापरण्यासाठी नाही." हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. "आणि एकीला सवलत दिली की सगळे मागतात. दोराऐवजी कठडा लावायचं बघतो. अर्थात जुनी वास्तू आहे, परवानगीला वेळ लागतो."

परवानगी त्यानं मागितलीच नाही. पुढच्या दाराशेजारी पितळी पाटी लावायची परवानगी मात्र मागितली आणि मिळवलीही.

त्या पाटीचा समारंभ जूनमध्ये एका दुपारी ठेवला. ऑब्रीनं कुठून तरी स्क्रिव्हन घराण्यातली शेवटची बाई शोधून काढली. मिस हेस्टर स्क्रिव्हन. लहानपणी या घरात राहिलेली, आता वेल्सच्या हद्दीजवळ कुत्र्यांबरोबर एकटीच राहणारी. तिच्या हस्ते पडदा बाजूला करायचा, गावातली प्रतिष्ठित मंडळी बोलवायची, फसफसती वाइन, काकडीची सँडविचेस. ऑब्री आठवडाभर आरशासमोर भाषण म्हणत असणार. आमच्यासमोर तर म्हणतच होता.

मिस हेस्टर आली ती बागेत घालायच्या कोटात. कोटावर कुत्र्याचे केस, हातात काठी, पायात चिखलाचे बूट. ऑब्रीचा चेहरा जरासा उतरला, पण लगेच त्यानं स्वतःची समजूत घातली असावी, की खरी खानदानी माणसं अशीच असतात. तो तिला हॉलमध्ये घेऊन आला आणि जिन्याखाली उभं करून जिन्याचं कौतुक सांगायला लागला. पाहुणे भोवती कोंडाळं करून उभे. आम्ही नोकरमंडळी भिंतीला लागून.

तेवढ्यात बेरिल जेवून परत आली. मागचं दार आणि मागचा जिना दोन्ही वाइनच्या खोक्यांनी भरलेले, म्हणून ती पुढच्या दारानं आली. त्या दिवशी तिचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. तिनं गर्दीतून वाट काढली, कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बेरिलबाई," ऑब्री म्हणाला. ओठांवर हसू होतंच. "मागून, प्लीज."

"मागं तुझ्या दारूची खोकी रचलीत."

"मग जरा थांबा ना. पाहुणे गेले की—"

बेरिलनं एकदा वर जिन्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग ती वळली आणि तिसऱ्या पायरीवर सरळ बसली. पर्स मांडीवर घेतली.

"थांबते," ती म्हणाली.

वाइनचा ट्रे घेतलेली मुलगी गोंधळून तशीच तिच्यासमोर गेली, आणि बेरिलनं एक ग्लास उचलून घेतला.

"या बाईंना का बसवून ठेवलंय?" मिस हेस्टरनं विचारलं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोलायची.

ऑब्री हसला. "काही नाही हो, या घराची जुनी रीत. पुढचा जिना घरच्यांचा, मागचा नोकरांचा. खरं तर तुमच्याच घराण्याची शिस्त आम्ही पुढे चालवतोय."

"कसली शिस्त?"

"हीच. की घरची माणसं या जिन्यानं—"

"कोण म्हणालं तुम्हाला? आम्ही सगळे मागच्या जिन्यानं जायचो. आई, बाबा, काका, सगळे. हा कोण चढणार? बर्फासारखा गार आणि वर हा गुळगुळीत दगड. आजोबांचं कंबरडं इथेच मोडलं. त्यानंतर या जिन्यावरून फक्त शवपेट्या खाली यायच्या. मागच्या वळणावरून त्या फिरत नाहीत ना, म्हणून."

कुणीतरी "अय्या" म्हणालं. ऑब्रीनं ग्लास डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"आणि वरचा दिवाणखाना," तो म्हणाला, "तिथे तर मेजवान्या, नाच..."

"तिथे सफरचंदं."

"काय?"

"सफरचंदं हो! घरातली सगळ्यात थंड खोली ती. शरद सरला की जमिनीवर पेंढा अंथरून आम्ही सफरचंदं पसरायचो, ईस्टरपर्यंत टिकायची. कोपऱ्यात बटाटे. माणसं खाली स्वयंपाकघरात राहायची, चुलीपाशी. वर कोण मरायला जाईल? आता तिथे काय ठेवता तुम्ही?"

नेव्हिलला राहवलं नाही. "तिथे साहेब बसतात," तो म्हणाला.

बेरिल हसली. खदाखदा नाही, नाकातून, वाइन सांडू नये म्हणून कशीबशी आवरत. आणि मग मिस हेस्टर, पाय दुखत असावेत म्हणून किंवा अजून कशानं, काठी टेकत टेकत दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, "सरक गं जरा." बेरिल सरकली. दोघी म्हाताऱ्या त्या देखण्या जिन्यावर शेजारी शेजारी बसल्या आणि एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागल्या. ऑब्री भाषणाचा कागद हातात धरून समोर उभा. भाषण त्यानं केलंच नाही. पाटीवरचा पडदा शेवटी त्यानंच ओढला. 'या वास्तूत स्क्रिव्हन घराण्याने दोन शतके वैभवात वास्तव्य केले,' असं वर कोरलेलं होतं. ते कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा जिन्यावरून आवाज आला, "वैभवात? कुडकुडत म्हणा!"

त्या संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं, संपलं आता. एवढी शोभा झाल्यावर माणूस सुधारतो. ऑब्रीला मी इतकी वर्षं ओळखत होते, तरी हे मला वाटलं.

पुढच्या सोमवारी नवा नियम आला. सर्व कर्मचाऱ्यांनी पुढचा जिना वापरावा. मागचा जिना खासगी.

खासगी म्हणजे ऑब्रीचा. खऱ्या घरंदाज माणसांचा जिना कुठला, हे त्याला आता मिस स्क्रिव्हनच्या तोंडून कळलं होतं. त्यानं मागच्या जिन्याला राखी-हिरवा रंग दिला, दोन दिवे लावले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. खास अशिलांना तो त्या वाटेनं वर न्यायचा. "घरच्यांचा जिना हा," असं दबक्या आवाजात सांगायचा. अशील माना वाकवून, दोराला धरून, धडपडत वर यायचे आणि "वा, वा" म्हणायचे. माणसाला काय काय वा वाटतं! इकडे नेव्हिल पुढच्या जिन्यावरून कठड्याला दोन बोटं लावून असा उतरायला लागला, की खाली त्याच्यासाठी घोडागाडीच उभी आहे.

बेरिलचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. पायऱ्या रुंद मिळाल्या, पण माळा तिथेच होता. ती जिन्याच्या मधल्या चौकात थांबायची, कठड्याला टेकून दम खायची. एका सकाळी मी आले तर ती चौकातही नव्हती आणि माळ्यावरही नव्हती. तळमजल्याच्या पुढच्या खोलीत, ऑब्रीनं बघण्यासाठी ठेवलेल्या त्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल मांडलेलं. किटली, बिस्किटांचा डबा, शालीसकट सगळं. टेबल कुणी खाली आणलं ते मी विचारलं नाही. वाइनच्या ट्रेवाली ती मुलगी आता स्वागतकक्षात लागली होती, तिच्या दंडावर मोठा काळानिळा डाग होता.

"ऑब्रीला विचारलंत?" मी म्हटलं.

"भेटला तर विचारीन. दिसतो कुठं?"

आणि ते खरं होतं. ऑब्री मागच्या गल्लीतून यायचा, कुलूप उघडायचा, आपल्या खासगी जिन्यानं वर जायचा आणि संध्याकाळी तसाच उतरून निघून जायचा. आपल्याच घराच्या पुढच्या हॉलमध्ये त्याचं पाऊल पडेना. अशिलांना मात्र दोन दिवसांत कळलं. दारातून आत आलं की उजव्या हाताला बेरिल, ऊन येणारी खिडकी, हातात कप. म्हातारी माणसं सह्या झाल्यावरही बसून राहायला लागली.

ऑब्रीला कळायला बरेच आठवडे गेले. कुणीतरी त्याचं अभिनंदन केलं, की बेरिलला पुढे बसवलंत हे फार छान केलंत. तेव्हा तो खाली आला. मी हॉलमध्येच होते. त्यानं दार ढकललं. आत बेरिलसमोर कालच नवरा गेलेली एक बाई रुमाल चुरगाळत बसली होती. बेरिलचा पाय समोरच्या मखमली स्टुलावर होता. स्टूल अर्थात ऑब्रीनं लिलावात घेतलेलं.

"बेरिलबाई, हे काय—"

बेरिलनं वर बघितलं. रागानं नाही. तो शाळेतून आल्यावर ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत असेल, तशा.

"ऑब्री," ती म्हणाली, "बिस्किट हवं असेल तर घे आणि दार लावून जा, बाळा. इथे काम चाललंय."

तो दारातच उभा राहिला. रडणाऱ्या बाईनं त्याच्याकडे बघितलं, हा कोण अशा नजरेनं. ऑब्रीचा हात थोडासा पुढे आला, डब्याकडे की दाराकडे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्यानं दार ओढून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता.

आतून बेरिलचा आवाज आला, "हं, आता सांग."